नीळकंठ कुठे बसतो

रेणुकेने गोफणीत खडा घातला, हात वर नेला आणि तसाच खाली आणला. पोपटांचा थवा ज्वारीवर उतरायच्या बेतात होता. पण त्याच्या अलीकडे, सासऱ्यांनी नुकत्याच रोवलेल्या सागाच्या वाशावर नीळकंठ येऊन टेकला होता. गोफण फिरवली तर पोपटांबरोबर तोही जाणार. ती राखणीच्या माळ्यावर हालचाल न करता बसून राहिली. पक्ष्याने मान डावीकडे वळवली, मग खाली घातली, आणि कुणी न हाकलताच पंख उघडले. बसलेला असताना तो मातीच्या ढेकळासारखा दिसत होता. उडाला तेव्हा फिकट आणि गडद अशा दोन निळ्या पट्ट्या हवेत उलगडल्या आणि गाडीवाटेपलीकडे मिटल्या.

तेवढ्यात पोपटांनी बरीच कणसं कुरतडली. कणसं दुधात आली होती. वर्षातले हेच दिवस पाखरांचे. रेणुकेने उठून गोफण फिरवली, हाळी दिली, आणि पुन्हा गाडीवाटेकडे पाहत बसली.

संध्याकाळी डोमाजी बैल बांधून ओट्यावर आले. पाण्याचा तांब्या हातात घेत त्यांनी सुनेकडे न पाहता विचारलं,

"बसला?"

"टेकला, मामाजी. बसला नाई."

"टेकला म्हंजे?"

"म्हंजे आला, खाली पाह्यलं अन् गेला."

डोमाजींनी चूळ भरली. वासा बुटका पडला असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाशाच्या टोकाला बांबू बांधला आणि बांबूला आडवी काठी.

रेणुका लग्न होऊन या घरात आली ती उन्हाळ्यात. आदिलाबादेहून तामसीकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. घरचं वावर गाडीवाटेला लागूनच. नवरा सुधाकर आदिलाबादेत जिनिंगमध्ये कामाला होता, आठवड्याच्या सुटीला यायचा. ज्वारी निसवली तेव्हा राखणीला कुणाला बसवावं असा प्रश्न आला आणि नव्या सुनेने आपण होऊन माळ्यावर बसते म्हणून सांगितलं. सासू सोजरबाईंना नवल वाटलं. दिवसभर उन्हात एकटीने बसायचं काम कुणी मागून घेत नाही. रेणुकेने कारण सांगितलं नाही. चार बांबूंवरच्या त्या माळ्यावरून सगळं शिवार दिसायचं, आणि शिवारात जे जे उडतं ते सगळं. पाखरं हाकलण्यासाठी आधी ती पाहावी लागतात, एवढीच त्यात तिची सोय होती.

नीळकंठाची गोष्ट मात्र तिला माळ्यावरून समजली नव्हती. ती सोजरबाईंनी सांगितली, भाकरी थापता थापता, तुकड्या-तुकड्याने.

डोमाजी आणि त्यांचे थोरले भाऊ चंपतराव, दोघांचं वावर पूर्वी एकच होतं. मधोमध मोहाचं मोठं झाड. दसऱ्याच्या सकाळी सगळं घर उपाशीपोटी त्या झाडाखाली जायचं. झाडावर नीळकंठ दिसला, की तिथेच धाकट्याने थोरल्याच्या हातात आपट्याचं पान द्यायचं, पाया पडायचं आणि मग घरी येऊन जेवायचं. सासऱ्यांच्या बापापासूनची ही रीत. गावातले तेलुगू शेजारी पक्ष्याला पालपिट्टा म्हणत आणि तेही दसऱ्याला त्याला बघायला शिवारात निघत. पण आमचा नीळकंठ ठरल्या झाडावर बसतो, याचा या घराला कोण अभिमान.

मग वाटणी झाली. मोजणीची साखळी नेमकी मोहाच्या बुंध्यावरून गेली. फुलं कुणी वेचायची यावरून बोलाचाली झाली, आणि ती बंद झाली ती कायमचीच. पुढे झाडावर वीज पडली, झाड वाळलं, फुलांचा प्रश्नच उरला नाही. बोलणं काही सुरू झालं नाही.

"पन दसऱ्याले जातात," सोजरबाई म्हणाल्या. "हे इकून, ते तिकून. पाखरू त्या वायल्या झाडावर बसते. दोघंबी पाह्यतात. एकमेकाले पाह्यत नाई."

"अन् सोनं?"

"सोनं काय आता. पान घरी देवाले वाह्यते मी." त्यांनी भाकरी उलटली. "वर्सातून एक डाव समोरासमोर उभे राह्यतात बाप्पा. मले तेवढंच पुरत होतं."

या पावसाळ्यात ते वाळलेलं झाडही पडलं. मुळासकट उपटून ते धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, आडवं झालं; अर्धं या वावरात, अर्धं त्या. चूल पेटवायला लाकूड शोधावं लागायचे दिवस, पण दोन्ही घरांतून कुणी त्याची ढलपीसुद्धा काढली नाही. हात लावला की हक्क सांगितल्यासारखं. दर वर्षी बैलांसाठी धुऱ्यावरचं गवत दोन्हीकडून कापलं जायचं. यंदा खोडाच्या आसपासचं तेवढं राहिलं आणि कमरेएवढं वाढलं.

झाड गेलं, तर नीळकंठ कुठे बसणार? डोमाजींनी आपल्या ज्वारीत वासा रोवला तो यासाठी. पाखरू ज्याच्या वावरात बसेल त्याचं, असं ते म्हणाले होते. आणि त्यांनी वाशाला बांबू बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशी धुऱ्यापलीकडे, चंपतरावांच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या उभ्या पिकात, एक बांबू उभा राहिला. हातभर जास्त उंच. त्यालाही आडवी काठी.

डोमाजींनी तो बघितला. जेवण झाल्यावर गोठ्यामागे जाऊन आणखी एक बांबू तासत बसले.

"दोघं भाऊ आभायाले टेकू लावतात का काय," सोजरबाई भांडी घासता घासता म्हणाल्या. मग हसू ओसरलं. "आपल्या काठीवर बसलं त ते येनार नाई. त्यायच्या काठीवर बसलं त हे मान वर करनार नाई. कसंबी झालं तरी समोरासमोर येनं संपलंच."

त्या रात्री रेणुकेच्या डोक्यात काठ्या आणि पाखरू फिरत राहिलं. सासूच्या बोलण्यातली अडचण तिला कळली होती. पक्षी यायला हवा होता, पण या काठीवर नाही आणि त्याही नाही. त्याच्याआधीचा प्रश्न मात्र वेगळाच होता, आणि तो तिला जास्त छळत होता. एवढ्या छान उंच काठ्या मिळूनही तो बसत का नव्हता?

पुढचे दिवस ती माळ्यावरून तेच बघत राहिली. नीळकंठ शिवारात होता. रोज दिसायचा. कधी गाडीवाटेच्या कडेच्या दगडावर, कधी वाटेवरच्या बाभळीवर, एकदा तर उभ्या केलेल्या छकड्याच्या जुवावर. तिथे तो तासन्‌तास बसे. मधूनच खाली झेप, एखादा टोळ, आणि परत जागेवर. काठ्यांवर तो यायचा, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी तेच. टेकायचा, मान खाली घालायचा, जायचा. सासऱ्यांच्या काठीवर तसं आणि मोठ्या मामाजींच्या काठीवरही तसंच. यात पक्ष्याने भेद केला नव्हता.

मान खाली घालून तो काय बघतो, हा विचार करता करता तिला आगगाडी आठवली.

तिचं माहेर किनवटचं. वडील भगवंतराव भाजीचा धंदा करायचे, आणि आदिलाबादच्या बाजारात माल घेऊन जाताना कधी कधी लेकीला सोबत न्यायचे. गाडीत टोपल्यांवर बसून बापलेकीचा एक खेळ चालायचा. रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा जात. त्यांवरचं पाखरू आधी कोण ओळखतं ते पाहायचं. कोतवाल लांब दुभंगलेल्या शेपटीवरून कळायचा, वेडा राघू हिरव्या रंगावरून. नीळकंठ ओळखायला अवघड, कारण बसल्यावर तो रंग झाकून ठेवतो. पण वडिलांनी तिला त्याची खूण दाखवली होती. डोकं मोठं, मान नाहीच, आणि नजर कायम खाली. "ह्या तारा सरकारनं आपल्यासाठीच टाकल्या," ते म्हणायचे, आणि डब्यातल्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे.

लग्नानंतर सासरी येतानाही ती त्याच गाडीने आली होती. पदर कपाळावर होता, शेजारी नवरा होता, आणि पदराच्या कडेखालून ती तारा बघत होती. सुधाकरने विचारलं होतं, रडून राह्यली का? तिने मान हलवली. तो काय समजला कुणास ठाऊक.

आता माळ्यावर बसून ती तो सगळा रस्ता मनात पुन्हा चालवू लागली. नीळकंठ तारांवर होते. पण सगळीकडे नव्हते. रुळांच्या कडेचं गवत जळालेलं असे, खडी असे, उतार उघडा असे, तिथल्या तारांवर ते दिसायचे. तारा जिथे उसाच्या किंवा उंच ज्वारीच्या वरून जात, तिथे दिसायचे नाहीत. तिथे कोतवाल असायचा, पण तो हवेतच किडे पकडतो. नीळकंठाला भक्ष्य जमिनीवरचं हवं, आणि त्यासाठी जमीन दिसायला हवी.

ज्वारीत उभ्या काठीवरून खाली काय दिसणार? पानं. पऱ्हाटीतल्या काठीवरून? पानंच. काठी वाढवली की तो जमिनीपासून आणखी लांब जात होता, इतकंच.

तिला हसू आलं. एकटीच माळ्यावर हसली आणि मग पोपट हाकलायचे राहिले म्हणून घाईने उठली.

त्याच दुपारी तिने आणखी एक गोष्ट पाहिली. पडलेल्या मोहाची मुळं हवेत उभी राहिली होती, पुरुषभर उंच. नीळकंठ त्यातल्या सगळ्यात वरच्या मुळावर येऊन बसला. तिने मनात म्हटलं, बैस. त्याने मान खाली घातली. खाली कमरेएवढं गवत. तो उडाला.

संध्याकाळी चावडीवरून आलेले डोमाजी दुसऱ्याच विषयात होते. पटवाऱ्याने सांगितलं होतं, येत्या एक तारखेपासून हैदराबाद राज्य राहणार नाही. आपला जिल्हा आंध्रात, आणि किनवट तालुका तोडून मुंबई राज्यात.

"म्हंजे सूनबाईचं माहेर परराज्यात गेलं म्हना," सोजरबाई म्हणाल्या.

"गेलं."

"गाडी चालूच राहीन न, मामाजी?" रेणुकेने विचारलं.

"गाडी काऊन बंद पडन? रूळ थोडेच उपटून राह्यले." डोमाजी ओट्यावर टेकले. "दिल्लीत बसून कागदावर रेघ ओढली. गावच्या मानसाले इचारलंबी नाई." मग नेहमीचा प्रश्न. "बसला का आज?"

मुळाचं सांगावं की नाही, हे तिने मनात तोलून पाहिलं. सांगितलं तर ते गवत कापायला कुणी जाणार नाही, आणि गेलं तर भांडायला जाईल.

"काठीवर नाई बसला," ती म्हणाली. हे खरं होतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तिने सासूजवळ विळा मागितला. बैलांना गवत आणते म्हणाली.

"कुठचं?"

"धुऱ्यावरचं."

सोजरबाईंचे हात पिठात होते, ते थांबले. "तिथं कोनी हात लावत नाई."

"खोडाले नाई लावत, आत्याबाई. नुस्तं गवत. आपल्याच बाजूचं."

सोजरबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात धुतले, आत गेल्या आणि कोपऱ्यातला बोथट विळा न देता आढ्याला खोचून ठेवलेला धारेचा काढून दिला.

डोमाजी त्या दिवशी बाजाराला आदिलाबादेला गेले होते. रेणुकेने खोडाच्या अलीकडचं गवत मुळापासून कापलं, मुळांच्या भोवती अर्धगोल करून. चिवट गवत होतं. पात्यांनी बोटं चिरली. धुऱ्याच्या मधोमध ती थांबली. पलीकडचं गवत तसंच उभं होतं, आणि ते कापायचा तिला अधिकार नव्हता. अर्ध्या उघड्या जमिनीवर पक्षी समाधान मानेल का, हे तिला ठाऊक नव्हतं. भारा डोक्यावर घेऊन ती परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर चढून तिने पहिल्यांदा तिकडेच नजर टाकली. मुळं नेहमीपेक्षा उंच वाटली. ती खाली उतरली आणि धुऱ्यापर्यंत गेली. पलीकडचं गवत नव्हतं. बुडापासून कापलेलं होतं, तिच्या अर्धगोलाला बरोबर दुसरा अर्धगोल जुळवून. पऱ्हाटीत कुणी दिसत नव्हतं. कापलेल्या बुडख्यांवर दव होतं आणि त्यांतून टोळ उडत होते.

कुणी कापलं? बैलांसाठी म्हणावं, तर भाऊबंदांच्या गोठ्यात कडब्याची गंजी अजून उभी होती. मोठ्या मामाजींना वाकणं होत नव्हतं, काठी टेकत चालायचे. तिने उत्तर शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दिवसभर ती मुळांकडे बघत राहिली. नीळकंठ त्या दिवशी आलाच नाही.

दसऱ्याच्या सकाळी सगळे निघाले. डोमाजी धुतलेल्या धोतरात पुढे, मागे सोजरबाई, आदल्या संध्याकाळी आलेला सुधाकर आणि रेणुका. सोजरबाईंच्या पदरात आपट्याची पानं होती; घरी परतल्यावर देवाला वाहायची म्हणून. डोमाजी आपल्या काठीपाशी जाऊन उभे राहिले. काठीवर काही नव्हतं. धुऱ्यापलीकडे चंपतराव आपल्या बांबूपाशी उभे होते. शेजारी त्यांच्या पत्नी, मथुराबाई. त्यांचीही मान वर होती, आणि त्यांच्याही बांबूवर काही नव्हतं.

ऊन चढू लागलं. सुधाकरला भूक लागली होती. तो हळूच म्हणाला, यंदा कावळा पाहून उपास सोडता येते का इचारा. डोमाजींचे डोळे उन्हाने पाणावले होते, पण ते काठीवरून नजर हलवेनात. रेणुकेने पदराखाली बोटं एकमेकांत गुंतवली. आपली समजूत चुकलीच असेल तर? तारांवरचे पक्षी वेगळे, इथला वेगळा असेल तर?

मग गाडीवाटेकडून तो आला. आधी सासऱ्यांच्या काठीवरून गेला. डोमाजींनी एक पाऊल पुढे टाकलं. मग चंपतरावांच्या बांबूवरून. कुठेच थांबला नाही. मोठं वळण घेऊन तो परत फिरला आणि पडलेल्या मोहाच्या वरच्या मुळावर उतरला. मान खाली घातली. रेणुका थांबून राहिली. त्याने मान वर केली, पंख नीट मिटले आणि बसला.

बघण्यासाठी दोन्ही भावांना धुऱ्याजवळ यावं लागलं. काठ्यांपासून मुळं नीट दिसत नव्हती. हळूहळू, पक्षी उडू नये म्हणून पावलं जपत, ते दोन्हीकडून आले आणि कापलेल्या गवताच्या कडेला थांबले. नीळकंठाने खाली झेप घेतली, चंपतरावांच्या बाजूने एक टोळ उचलला, परत मुळावर बसून गिळला.

"गवत कापलं म्हून आला," चंपतराव म्हणाले. पक्ष्याला म्हणाल्यासारखं.

डोमाजींनी पलीकडच्या अर्धगोलाकडे पाहिलं. "बरं केलं तुमी कापलं ते."

चंपतरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खाली आपल्या बाजूच्या बुडख्यांकडे पाहिलं, मग डोमाजींच्या बाजूच्या. "आधी त तूच कापलं," ते म्हणाले.

डोमाजींनी तोंड उघडलं. मी नाही कापलं, हे शब्द तिथे आलेले रेणुकेला दिसले. सोजरबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पदरातली पानं नवऱ्याच्या मुठीत कोंबली, अगदी सहज, पदर जड झाला म्हणून रिकामा करावा तशी. डोमाजींनी मुठीकडे पाहिलं. तोंड मिटलं.

मग त्यांनी धोतर आवरलं आणि खोडावर एक पाय ठेवला. एवढ्या दिवसांत त्या लाकडाला लागलेला पहिला पाय. पाय लागताच नीळकंठ उडाला. डोक्यावरून जाताना सगळा निळा उघडून गेला. वर कुणी पाहिलं नाही. डोमाजी खाली वाकत होते, चंपतराव काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यांना उठवत होते, आणि सुधाकर खोडावरून उतरायला आईला हात देत होता.

"हे किनवटची न?" चंपतराव रेणुकेकडे पाहून म्हणाले. घरात आल्यापासून पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलत होते. "मंग त पावनी झाली तू. परराज्यातली."

ती त्यांच्या पाया पडली, मग मथुराबाईंच्या. मथुराबाईंनी तिला उठवलं आणि तिच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं. ठेवताना त्यांनी तिची बोटं उलटी करून पाहिली. चिरे अजून सुकले नव्हते. रेणुकेनेही त्यांच्या बोटांकडे पाहिलं; तिथेही तसेच चिरे होते.

मथुराबाईंनी हात पदराआड घेतला.

"येडं पाखरू आहे बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खाली दिसल्याबिगर बसतच नाई."